डबा ठेवायचा कुठे? (न्यूयॉर्क, आम्ही दोघं आणि एक कपाट)

आधीच सांगते, ट्रेनचं वेड नवऱ्याला आहे, मला नाही. मला बसायला जागा मिळाली आणि वारा लागला की बास. त्यामुळे जर्सी सिटीच्या भाचीने बोलावलं तेव्हा मी यादी केली ती स्वातंत्र्यदेवी, सेंट्रल पार्क, ब्रॉडवे अशी, आणि याने एक वेगळीच यादी केली होती जी विमान हलेपर्यंत मला दाखवली नाही. माझी यादी अडीच दिवसांत उरकली. छान आहे सगळं, गर्दी फार, पाय तुटले, फोटो फेसबुकवर आहेत ते बघा.

त्याच्या यादीत पहिलं नाव होतं क्यू गार्डन्स. नावात गार्डन म्हणून मी सँडविच, चटई वगैरे घेऊन निघाले. सबवेतून, म्हणजे इथल्या जमिनीखालच्या मेट्रोतून, वर आलो तर समोर क्वीन्स बुलेवार्ड नावाचा हा एवढा रुंद रस्ता, गाड्याच गाड्या, आणि बाजूला सरकारी कचेरीची लांबलचक विटांची इमारत. हे म्हणे बरो हॉल. इथे हिरवळीवर सबवेचा एक जुना लाल डबा ठेवलाय, तो बघायला आपण आलोय. रेडबर्ड म्हणतात त्यांना. १९६० च्या आगेमागे आलेले हे डबे, पुढे पोरंटोरं स्प्रे मारून मारून गाड्या रंगवायला लागली तेव्हा वैतागून ८० च्या दशकात त्यांना गडद लाल रंग दिला, म्हणून रेडबर्ड. २००३ मध्ये ते सगळे रिटायर झाले आणि त्यातला एक २००५ साली इथे आणून त्यात टुरिस्ट लोकांसाठी माहिती केंद्र उघडलं. आता मला सांगा, सरकारी कचेरीच्या आवारात टुरिस्ट येणार कोण? मी आणि हा.

आणि आम्ही आलो तर डबा नाही. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, इमारतीला अख्खी चक्कर मारली, नुसती हिरवळ. एका सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'तो होय, तो गेला की केव्हाच.' भाचीला फोन लावला, तिने दोन मिनिटांत शोधून सांगितलं की काका, २०२२ मध्ये शहराने तो लिलावात काढला, साडेसहा हजार डॉलरला बोली सुरू झाली आणि दोन लाखांच्या वर गेली, आणि उचलून न्यायचं काम घेणाऱ्याचं. नवऱ्याने माहिती काढली होती ती कुठल्यातरी आठ-दहा वर्षं जुन्या लेखातून. दोघांचे जाऊन-येऊन सबवेचेच साडेअकरा डॉलर, शिवाय सगळी सकाळ. मी चटई टाकली आणि सँडविच खाल्लं. तो उभाच. रिकाम्या गवताचे त्याने फोटो काढले हो! अकरा फोटो आहेत, मी मोजलेत.

दुसऱ्या दिवशी ब्रुकलिन. इथे मात्र मला म्हणायला लागेल की गंमत आली. ट्रान्झिट म्युझियम म्हणजे बाहेरून बघाल तर काहीच नाही, फुटपाथवर सबवेत उतरायचा नेहमीसारखा जिना, शेजारून लोक आपले चाललेत. खाली उतरलो तर खरंच एक स्टेशन. कोर्ट स्ट्रीट. १९३६ ला सुरू झालं आणि १९४६ ला बंद, जेमतेम दहा वर्षं, कारण पुढे नदीखालून बोगदा काढून ही लाइन मॅनहॅटनमधल्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या सबवेला जोडायची होती, ती सबवे काही झाली नाही आणि हे स्टेशन लाइनीच्या टोकाला लोंबकळत राहिलं, एक शटल यायची आणि तिच्यात बसायला कुणी नसायचं. मग १९७६ मध्ये, देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून, इथे तात्पुरतं प्रदर्शन भरवलं. तिकीट म्हणजे सबवेचं एक टोकन. ते तात्पुरतं अजून चालू आहे. आता दहा डॉलर.

वरच्या मजल्यावर तिकीट खिडक्या, टर्नस्टाइल, टोकनं वगैरे, ते मी भराभर संपवलं. खालच्या मजल्यावर प्लॅटफॉर्म, एकच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रुळांवर जुने डबे ओळीने उभे. आणि दारं उघडी! आत जा, बसा, कुणी हटकत नाही. लाकडी डबे आहेत शंभर वर्षांच्या वरचे, वेताच्या सीट असलेले आहेत, छताला पितळी पंखे, पिवळे बल्ब, वर त्या त्या काळातल्या साबणाच्या नाहीतर च्युइंगमच्या जाहिराती. म्युझियम म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, काचेच्या पेट्या, हात लावू नका, पण इथे मी पंख्याखाली पाय लांब करून पंधरा मिनिटं बसले. पंखा बंद होता, पण असो.

तिथे एक आजोबा होते. व्हॉलंटियर असावेत, गळ्यात बिल्ला, डोक्यावर टोपी. आयुष्यभर सबवेतच नोकरी केली म्हणाले. नवऱ्याने त्यांना गाठलं आणि मी ओळखलं की आता दुपार गेली. पण ते आजोबा बोलायला इतके गोड की मीही उठून गेले. त्यांनी सांगितलं की हे रूळ नुसते शोभेचे नाहीत, बोगद्यातून चालू लाइनला जोडलेले आहेत आणि थर्ड रेलमध्ये, म्हणजे गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळात, करंटही आहे, म्हणून तर हे डबे अधूनमधून बाहेर काढून खऱ्या सबवेवर चालवता येतात. मग त्यांनी एका चकचकीत स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवलं. आर-११. १९४९ चा. असे दहाच बनवले होते, एकेक जवळपास लाख डॉलरचा, म्हणून गाडीचं नाव पडलं मिलियन डॉलर ट्रेन. आणि बनवले होते कशासाठी, तर सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या त्याच सबवेसाठी! म्हणजे जिची वाट बघत हे स्टेशन बंद पडलं, तिचीच वाट बघत हा डबा म्हातारा झाला, आणि आता हा त्याच स्टेशनात उभा आहे. दहातला एवढा एकच उरलाय. ती सबवे शेवटी २०१७ च्या एक जानेवारीला सुरू झाली, तीही पहिला तुकडा फक्त. मी आजोबांना म्हटलं, बिचारा. ते म्हणाले, बिचारा कसला, ह्याला जागा मिळाली.

आणि तिथून विषय सुरू झाला तो जागेचा. इथे वीसेक डबे मावतात, बस्स. प्लॅटफॉर्म काय रबराचा नाही. शहराच्या सबवेत आज साडेसहा हजारांच्या आसपास डबे पळतायत, ते सगळे कधी ना कधी म्हातारे होणार. नवा कोणी आत आणायचा तर जुन्यापैकी कोणीतरी बाहेर काढून यार्डात न्यायचा. कोनी आयलंडच्या यार्डात काही आहेत, वर मॅनहॅटनच्या टोकाला २०७ स्ट्रीटला काही आहेत. पण यार्ड हे चालत्या गाड्यांचं घर, तिथे रात्री गाड्या लावायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या. एक जुना डबा म्हणजे साठ फूट रूळ कायमचा अडला. आणि उघड्यावर ठेवला तर छत गळतं, गंज चढतो. आर-३२ नावाचे डबे होते, १९६४ पासून चालले ते थेट २०२२ च्या जानेवारीपर्यंत, ५७ वर्षं, सहाशे होते. त्यातली एक जोडी इथे घेतली. शेवटपर्यंत चाललेल्या बाकीच्यांचं काय, नवऱ्याने विचारलं. बहुतेक भंगार.

'आणि रेडबर्ड?' नवरा. (क्यू गार्डन्सचं दुःख ताजं होतं.)

'समुद्रात.'

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच, २००१ पासून २०१० पर्यंत अडीच हजारांच्या वर डबे बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू होडीवर, घालून नेऊन अटलांटिकमध्ये टाकले, न्यू जर्सीपासून खाली जॉर्जियापर्यंत. चाकं काढायची, दारं-खिडक्या काढायच्या, तेल-ग्रीस पुसायचं, आणि क्रेनने ढकलून द्यायचं. रेडबर्डच्या भिंतींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं, ते माणसं लावून खरवडून काढायचं तर भरमसाट खर्च, पाण्याखाली मात्र ते कुणाच्या नाकात जात नाही. आणि तळाला नुसती वाळू असते तिथे डबा पडला की माशांना घर मिळतं. डेलावेअरजवळ त्या जागेचं नावच आहे रेडबर्ड रीफ, सातशेच्या वर डबे आहेत, लोक मुद्दाम तिथे मासे पकडायला जातात.

मला तर कल्पना आवडली. मी म्हटलं, बरं झालं की, जागा पण सुटली आणि माशांचंही भलं झालं. तर आमच्या नवऱ्याने काय म्हणावं? आजोबांसमोर, पण मराठीत, म्हणून मी सहन केलं: 'तू काय, तू कपाट पण असंच दिलं होतंस.'

आता हे कपाट म्हणजे सासऱ्यांचं शिसवी कपाट, आरसा लावलेलं, साडेसहा फूट उंच, आम्ही नव्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा ते बेडरूमच्या दारातून आत जाईना. मी चार जणांना विचारलं, घ्या हो, नुसतं घ्या, पैसे नकोत. प्रत्येकजण म्हणाला किती सुंदर आहे, ठेवा हं, काढू नका. आणि घेतलं कुणीच नाही. शेवटी भंगारवाला आला, आणि मी दिलं. चौदा वर्षं झाली त्याला. हा त्या दिवशी ऑफिसला गेला होता आणि मी मुद्दाम तोच दिवस निवडला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आता ब्लॉगवर वाचेल.

आजोबांना वाटलं आम्ही डब्यांबद्दल भांडतोय. ते हसले आणि म्हणाले, मला रोज कोणीतरी येऊन सांगतं की सगळे डबे वाचवायला हवे होते. मी त्यांना विचारतो, तुमच्या अंगणात एक ठेवता का?

नवरा एकदम गप्प झाला. मला वाटलं वरमला. तसं नव्हतं, ते पुढे कळलं.

शनिवारी कनेक्टिकट. हे यादीत तिसरं. ग्रँड सेंट्रलहून दोन तास ट्रेन, न्यू हेवनला उतरून पुढे ईस्ट हेवनला टॅक्सी, तिचे किती झाले ते विचारू नका. तिथे ट्रॉली (म्हणजे ट्रॅम) म्युझियम आहे, १९४५ पासूनचं, म्हणजे ट्रॅमवेड्या लोकांनी तेव्हाच ओळखलं की शहरात जागा नाही, गावाकडे चला. दीडेक मैल रूळ आहे, खाडीतल्या गवतातून जाणारा, आणि शेडमध्ये ट्रॅमबरोबर न्यूयॉर्कच्या सबवेचे डबेही. ज्या ऑगस्ट बेलमाँटने न्यूयॉर्कच्या पहिल्या सबवेत पैसा घातला, त्याने स्वतःसाठी एक खासगी डबा करून घेतला होता, मिनिओला नावाचा, तोही इथे. पैसेवाला माणूस, सबवेतसुद्धा स्वतःचा डबा.

खाडी दिसायला सुंदर. वारा, बगळे, उंच गवत, मी खूश. पण जागा मोकळी मिळाली ती पाण्याच्या काठी. २०११ ला आयरीन वादळ आलं, शेडमध्ये पाणी. गाडीच्या मोटारी खालीच असतात चाकांपाशी, खारं पाणी पहिलं तिथेच शिरतं. सावरतायत तोवर २०१२ ला सॅन्डी. मग देणग्या गोळा करून उंचावर नव्या शेड बांधल्या. आम्हाला फिरवून आणणारी बाई हे सगळं अगदी सहज सांगत होती, आपण सांगतो ना, यंदा पण माळ्यावर गळलं, तसं. तिथे काम करणारे बरेचसे व्हॉलंटियर, शनिवार-रविवार येऊन रंग खरवडतात, मोटारी सोडवतात. चहापाण्याचं विचाराल तर फारसं काही नाही, आपलं आपण न्या. बाथरूम स्वच्छ.

नवऱ्याने त्या बाईला विचारलं की एखादा डबा मिळाला तर इथपर्यंत आणायला काय लागतं. तिने यादीच म्हटली: डबा तीसेक टनांचा, म्हणजे दोन क्रेन, चाकांचे सांगाडे वेगळ्या ट्रकवर, डब्याला खास लांब ट्रेलर, रस्त्याची परवानगी, आणि इथे आला की आधी छप्पर. छप्पर नसेल तर आणूच नका, म्हणाली. हा सगळं लिहून घेत होता. मला वाटलं लेखाबिखासाठी.

परतीच्या ट्रेनमध्ये गर्दी होती, समोरासमोर जागा मिळाली. मी डोळे मिटणार एवढ्यात याने तो कागद काढला. त्यावर ५१ फूट, पावणेनऊ फूट रुंद, असं लिहून शेजारी चौकोन काढलेले. रेडबर्डचं माप.

'अगं, आपल्या सोसायटीच्या पार्किंगची लांबी किती असेल?'

'एकावन्न फूट नाही,' मी म्हटलं, आणि उरलेलं सँडविच काढलं.