रोमन नावांतले कूळ

सोलापूरच्या पूर्व भागात दारावरच्या पाट्यांवर तेलुगू-मराठी आडनावे शेजारी शेजारी वाचताना घराण्यांचा माग काढायची खोड लागते. प्राचीन रोममधील वक्ता मार्कुस तुल्लिउस सिसेरो याच्या नावात पहिले व्यक्तीचे, दुसरे कुळाचे, तर तिसरे शाखेचे असून ते हरभऱ्यावरून आले. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की त्याच्या पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती. सिसेरोची मुलगी मात्र कुळावरून नुसती तुल्लिया! त्याने मुक्त केलेला गुलाम तिरो हाही पुढे मार्कुस तुल्लिउस तिरो झाला, म्हणजे कुळनाम रक्ताशिवायही मिळे. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातील बहुतेक मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिले, तेव्हा असंख्य नव्या नागरिकांनी त्याचेच आउरेलिउस हे कुळनाम घेतले आणि त्यावरून घराणे ओळखणे जवळजवळ अशक्य झाले.