वेध लागण्याआधीचा साबण

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

काल गणपती गेले. मखराचे पुठ्ठे अजून बाहेरच्या खोलीत पडलेत आणि ओट्यावर मोदकाच्या साच्याशेजारी माझा वजनकाटा. रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. सासूबाईंनी चहाच्या वेळीच बजावलं, "दुपारपासून वेध लागतायत. तुझा साबण काय घालायचा तो त्याआधी घाल." साबण घालणं हा शब्द त्यांचा, लोणचं घालतात तसा. मला तो आवडतो. लोणच्यात काय आणि साबणात काय, आपण मिसळून बाजूला व्हायचं, पुढचं सगळं बरणीत नाहीतर साच्यात आपोआप होतं.

आजच घालायचं कारण कॅलेंडरवर आहे. नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर ४३ दिवस. साबण सुकायला मी सहा आठवडे धरते, ४२ दिवस. एक दिवस हातात. ऑफिसात महिनाअखेरीला हिशेब बंद करताना इतकी सवड मला कधी मिळालेली नाही.

वहीतलं आजचं माप: खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह ४५०, भिरंडेल १५०, एरंडेल १००. किलोभर तेलाला कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम, पाणी २८२. हा १४१चा आकडा कुठून आला हे लेकीला कितीदा समजावलं. प्रत्येक तेलाची भूक वेगळी. एक ग्रॅम खोबरेल ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक खातं, एरंडेलाचं ०.१२८ मध्ये भागतं. चारही तेलांची बेरीज १४८ येते. त्यातले पाच टक्के मी मुद्दाम कमी घालते, म्हणजे थोडं तेल न जुळता उरतं आणि साबण अंगाला बोचत नाही. आयुष्यभर कॉस्टिंगच्या खात्यात बसून आकडे जुळवत आले, आणि इथे हिशेब मुद्दाम पाच टक्के न जुळणारा ठेवायचा!

कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. उलट केलं की पाणी जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. गॅलरीत उभं राहून, लेकीचा जुना प्रयोगशाळेचा चष्मा लावून, रबरी हातमोजे चढवून मी ते ओतते. क्षणात पाणी दुधी होतं, वाफ नाकाला झोंबते, तेवढा वेळ तोंड फिरवायचं. गॅस नाही की शेगडी नाही, तरी थर्मामीटर ८०च्या पुढे. दहा वर्षं झाली, पण तो पारा चढताना बघायची मजा गेलेली नाही.

पहिल्या वेळची आठवणही गेलेली नाही. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं होतं. कॉस्टिक पडल्याबरोबर सगळं फसफसून वर आलं, पातेलं आतून काळंठिक्कर. नंतर वाचलं की ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक मिळून हायड्रोजन सुटतो, आणि शेजारी गॅसवर कुकर लावलेला होता. तेव्हापासून स्टीलचं एक पातेलं, एक जाड प्लॅस्टिकची बरणी आणि एक चमचा या कामाला वेगळा काढलाय. त्यावर रंगाने फुली मारलीय, कारण आमच्याकडे चमच्यांना हद्दी कळत नाहीत.

भिरंडेल माहेरचं. कोकमाच्या बियांचं तेल, कोकणात हाताने वळून त्याचे अंड्यासारखे गोळे करतात. लहानपणी थंडीत आजी तो गोळा चुलीशी धरायची आणि वितळलेला भाग टाचांच्या भेगांवर फिरवायची. आज तोच पांढरा गोळा किसणीवर किसला, बोटांच्या उबेनेच कडा मऊ झाल्या.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून ब्लेंडर फिरवला. आधी नुसतं पिवळट पाणी, मग बासुंदी, मग एकदम दाट. वरून सोडलेली धार बुडून न जाता रेघ धरून राहिली की थांबायचं. वाळ्याचं तेल घातलं, बटर पेपर लावलेल्या लाकडी खोक्यात ओतलं, वर झाकण, त्यावर जुनी गोधडी. बारा वाजून वीस मिनिटं. वेध लागायच्या आत.

सोमवार, ८ सप्टेंबर

ऑफिसातून आल्यावर गोधडी काढली. झाकण उचललं तर साबणाच्या मधोमध एक तुळशीचं पान! काल दुधा-दह्यावर, पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवत फिरताना सासूबाईंनी इथेही ठेवलेलं.

"अहो आई, हा साबण आहे."

"मग? घातलेला पदार्थ आहे ना? ग्रहणात उघडा कसा ठेवायचा?"

पान तोवर तपकिरी पडून साबणात रुतून बसलं होतं. उपटायला गेले असते तर खड्डा पडला असता, म्हणून राहू दिलं. सुरीला तेलाचा हात लावून बारा वड्या पाडल्या. कापताना अगदी खोबऱ्याच्या वडीत उतरावी तशी, आवाज न होता सुरी उतरली, म्हणजे वेळ बरोबर साधली. एकेक वडी ११८ ग्रॅमच्या आसपास. सातवीवर पान.

सोमवार, १५ सप्टेंबर

पाऊस परत आलाय. वड्यांना घाम सुटलाय, वर बारीक बारीक थेंब. तेलाचा साबण होताना जे ग्लिसरीन सुटतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. कारखान्यात ते बहुधा वेगळं काढून घेतात, घरच्या साबणात आतच राहतं. कौतुक करून सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण सप्टेंबरच्या पावसात ती नुसती चिकट लागते. पंखा लावून बसलेय.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आजपासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. ऑफिसात दिवसभर तोच विषय, कारण नवे दर भरायचे आम्हीच. डबा खाताना शेजारच्या टेबलवाल्या म्हणाल्या, "मॅडम, आता तरी धंदा सुरू करा. इतका छान साबण फुकट वाटता!"

हे वाक्य मला वर्षातून दहा वेळा तरी ऐकू येतं. पोळ्या चांगल्या जमल्या की पोळीभाजी केंद्र काढ, रांगोळी बरी आली की क्लास काढ. लेक म्हणते, "इन्स्टावर टाक ना गं आई, नाव मी सुचवते." नवरा काही म्हणत नाही, पण पाहुण्यांना वडी देताना 'हिच्या हातचा' असं म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे एखादं दुकान उभं असावं असा मला संशय आहे.

मी दरवेळी कायद्याचं कारण पुढे करते. विकायला साबण बनवायचा तर तो सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, एफडीएचा परवाना लागतो, घरच्या ओट्यावर करून विकता येत नाही. हे खरंच आहे, आणि समोरचा लगेच गप्पही होतो. पण खरं कारण ते नाही. परवान्याचं मला तेव्हा माहीतही नव्हतं, जेव्हा एकदा मी ऑर्डर घेतली.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. ओळखीतल्या एका बाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ५१ वड्या हव्या होत्या. "प्लॅस्टिकचे डबे लुटून कंटाळा आला, काहीतरी हाताचं असू दे." ऐकून मी हुरळले. नव्वद रुपयाला एक ठरली. डिसेंबर अर्धा झालेला आणि १४ जानेवारीला संक्रांत, म्हणजे हातात महिनासुद्धा नाही हे मला दिसत होतं. तरी हो म्हटलं. यात त्यांचा काही दोष नाही.

त्यांना कुंकवाकडे झुकणारा गुलाबी रंग हवा होता. बीट चालत नाही, कॉस्टिकमध्ये त्याची माती होते. जास्वंदीचंही तेच. हळद तर बहुरूपी. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तसंच ती साच्यात रक्तासारखी लाल होते आणि मग हळूहळू नारिंगीवर येते. म्हणून मंजिष्ठा घेतली. पहिला घाणा गुलाबी आला, दुसरा वांगी रंगाचा. पूड तीच, माप तेच. तिसऱ्यात मी लवंगेचं तेल घातलं आणि ब्लेंडर फिरवता फिरवता सगळं दगडासारखं बसलं. ओतायचं राहिलं बाजूला, डिंकाचे लाडू वळावेत तसं मुठीने थापावं लागलं. लवंग असं करते हे माझ्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. घाईत वही कोण उघडतंय!

पाच घाणे घातले तेव्हा कुठे ५१ बऱ्या वड्या निघाल्या. बरोबर हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दिल्या. आठवड्याने फोन. "अहो, त्यातल्या नऊ वेगळ्याच रंगाच्या आहेत, बदलून मिळतील का? आणि नणंद म्हणत होती, तिचा दहा दिवसही पुरायचा नाही, नुसता गळतोय." गळणारच. शेवटचे घाणे जेमतेम तीन आठवड्यांचे होते. आतलं पाणी उडालेलंच नव्हतं.

नऊ बदलून दिल्या. मग सवयीने कॉस्टिंगचा कागद केला. आले ४,५९०, माल आणि वेष्टण ३,४००, उरले १,१९०. त्याला लागलेले तास २६. तासाला जेमतेम सेहेचाळीस रुपये. हसू आलं, पण ते पैसे मला खुपले नाहीत. खुपलं ते पुढे, फेब्रुवारीत, वही उघडली तेव्हा. दहा वर्षांत घातलेल्या प्रत्येक घाण्याची त्यात नोंद आहे: हवा कशी होती, तेल कुठलं, दाट व्हायला किती मिनिटं लागली, कापल्यावर आत काय दिसलं. फसलेल्यांच्या नोंदी तर जास्त लांब. आणि या पाच घाण्यांची एक ओळ नाही. पाचही घातले, कापले, गुंडाळले, दिले, आणि मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. गुलाबी आणि वांगीतला फरक का पडला असेल? एरवी त्या प्रश्नावर मी दोन रविवार घालवले असते. तेव्हा तो फक्त नऊ वड्यांचा तोटा होता.

हे सगळं डब्याच्या वेळेत सांगता येत नाही. म्हणून, "परवाना लागतो हो."

रविवार, ५ ऑक्टोबर

चार आठवडे झाले. एक वडी घेऊन जिभेचं टोक लावलं. कच्चा कॉस्टिक उरला असेल तर बारीक विजेचा झटका बसल्यासारखं होतं, नसेल तर नुसती साबणाची चव, जी अर्थातच वाईट असते. झटका नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "चाटतेस काय गं?" त्यांना तपासणी म्हणून पटवून दिलं, तर म्हणाल्या, "मग मीठ लागतंय का बघ."

मैत्रिणीचा मेसेज होता, "तुझा तो केमिकल नसलेला साबण दिवाळीला दोन देशील?" देईन, पण दरवेळी इथे माझं डोकं फिरतं. कॉस्टिक घ्यायला रविवार कारंज्याजवळच्या दुकानात जाते तेव्हा दुकानदार विचारतो, "ड्रेनेज तुंबलंय का ताई?" साबण मुळात केमिकलच आहे बाई. कॉस्टिक सगळा तेलाने खाल्ला की तो कॉस्टिक राहत नाही आणि तेलही तेल राहत नाही, एवढीच काय ती जादू. पण दिवाळीच्या आधी कुणाला शिकवायला जाऊ नये.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे चारला उठले. पाट, रांगोळी, तेलाची वाटी, उटणं, पायाखाली फोडायला कारिट. न्हाणीघरात साबणाच्या जागी माझी नवी वडी ठेवली होती. तेल लावून घ्यायला बसलेल्या सासूबाईंनी ती पाहिली आणि हात थांबवला.

"आजच्या दिवशी मोती. त्याशिवाय दिवाळी वाटत नाही."

कपाटात आणून ठेवलेलाच होता, गोल, खोक्यातला. मलाच माहीत आहे मी तो दरवर्षी गुपचूप आणते. खोकं उघडल्यावर तो वास आला आणि खरं सांगते, मलाही आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. माझं वाळ्याचं तेल त्यापुढे काय करणार! घरातल्या सगळ्यांनी मोतीनेच आंघोळी केल्या, मीसुद्धा. माझी वडी पाडव्याला निघेल.

उजाडल्यावर वजन केलं. ११८चे १०४ झालेत. कडा टणक, नखाने दाबलं तर खूण उठत नाही. रंग साईसारखा, भिरंडेलामुळे हाताला किंचित मेण लागल्यासारखं. वहीत लिहिलं: वाळा थोडा जास्त चालेल, बाकी हेच.

बारापैकी सहा वड्या वाटायला वेगळ्या काढताना मोजल्या तर अकराच. सातवी नाही. शोधता शोधता सासूबाईंच्या कपाटात सापडली, पैठणीच्या घडीत, पानाची बाजू वर करून.

"आई, याचं तेल साडीला लागेल हो. निदान कागदात तरी गुंडाळा."

त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, वडी त्यात नीट गुंडाळली आणि परत त्याच घडीत ठेवून दार लावलं. "पुढच्या ग्रहणाला परत घालशील ना?"

पुढचं ग्रहण कधी आहे ते बघायला मी कॅलेंडर शोधतेय.