टॉम हरतो, मग धैर्य कुठे?

‘मॅडम, टॉम शेवटी मरतोच. मग ही धैर्याची गोष्ट कशी?’ हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी शिकवायला घेतली की हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेकॉम या काल्पनिक गावातली, १९३०च्या दशकातली. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. ॲटिकस फिंच त्याचा वकील. सांगणारी त्याची लहान मुलगी, स्काउट.

मुलं ॲटिकसच्या प्रेमात पडतात. मीही कित्येक वर्षं त्याचंच धैर्य शिकवलं. तो पुरावा मांडतोही चोख. मारहाणीच्या खुणा मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप डावखुरा, आणि टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनात सापडून कायमचा निकामी झालेला. तरीही निकाल देणारी गोऱ्या नागरिकांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते. हे कादंबरीपुरतं नव्हतं. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो खटल्यात नऊ काळ्या मुलांवर असाच खोटा आरोप झाला आणि आठ जणांना देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. ज्युरीतून काळ्यांना वगळणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात १९३५ साली सांगितलं.

आता मी सगळ्यात सावकाश वाचते ती टॉमच्या उलटतपासणीची पानं. टॉम शब्द फार जपून वापरतो. मायेला खोटं बोलते असं तो म्हणत नाही, तिची काहीतरी चूक होते आहे एवढंच म्हणतो. मग सरकारी वकील विचारतो, पैसे न घेता तिची कामं का करत होतास? टॉम सांगून जातो, मला तिची दया आली. त्याच क्षणी त्याला आपली चूक कळते. गोऱ्याने काळ्यावर दया केली तर तो मोठेपणा, काळ्याला गोऱ्या पोरीची दया आली तर तो गुन्हा. ॲटिकसला त्या संध्याकाळी घरी जायचं आहे. टॉमला तुरुंगात, आणि पुढे तिथूनच पळताना सतरा गोळ्या खायच्या आहेत. एकाकी, भावंडांच्या रगाड्यात पिचलेल्या पोरीचं दुःख त्या गावात एकट्या टॉमला दिसलं होतं, आणि ते त्याने भर कोर्टात सांगितलं. मला या कादंबरीतलं सगळ्यात मोठं धैर्य इथे दिसतं.

याच कारणाने कादंबरीवर माझा रागही आहे. टॉमच्या घरात आपण कधी बसतच नाही. जे दिसतं ते गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनी, लांबून.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, टॉमच्या बायकोचं काय झालं?’ आजवर कुणी विचारलं नव्हतं. आम्ही ते पान शोधून वाचलं. टॉमच्या जुन्या मालकाने हेलनला काम दिलं होतं. युएलच्या घरावरून जाणारा रस्ता टाळायला ती रोज जवळजवळ मैलभराचा वळसा घालून यायची. मालकाच्या लक्षात आलं, ही भलत्याच दिशेने येते. त्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तिने कारण सांगितलं.