डायलिसिस मशीनच्या आधी वजनकाटा

डायलिसिस युनिटमध्ये शिरल्यावर पहिलं काम मशीनपाशी नसतं, वजनकाट्यापाशी असतं. काट्यावरच्या आकड्यातून 'ड्राय वेट' वजा केलं की आज किती पाणी काढायचं ते कळतं. ड्राय वेट म्हणजे अंगावर सूज नाही, धाप नाही, बीपी ठीक आहे, अशा अवस्थेतलं वजन. ते ५८ किलो असेल आणि काटा ६०.५ दाखवत असेल, तर अडीच लिटर. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन आणि मधे घेतलेला चहा यांची थोडी भर त्यात धरतात. चपला, स्वेटर, खिशातला मोबाईल यांच्यासकट काट्यावर चढलात तर त्यांचंही वजन पाणी म्हणून तुमच्या अंगातून काढलं जाईल. म्हणून दर वेळी तोच काटा आणि साधारण तेच कपडे.

मग दोन सुया. एकीतून रक्त मिनिटाला २५० ते ३५० मिलि वेगाने बाहेर येतं, डायलायझरमधून जातं आणि दुसरीतून परत येतं. 'सगळं रक्त बाहेर काढून धुतात' असं नातेवाईक सांगतात, ते खरं नाही. एका वेळी बाहेर असतं जेमतेम पाव लिटर. ते नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. डायलायझरमध्ये केसासारखे बारीक, साधारण दहा हजार पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त आणि बाहेरून उलट्या दिशेने डायलिसिसचं द्रावण, मिनिटाला ५०० मिलि. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पडद्यातून द्रावणात जातात, रक्तातलं जास्तीचं आम्ल कमी करणारं बायकार्बोनेट रक्तात येतं, आणि रक्तपेशी मोठ्या असल्यामुळे जागच्या जागी राहतात. चार तासांत १२० लिटर द्रावण रक्ताशेजारून वाहून जातं, त्यामुळे पाण्याची शुद्धता हा इथे जिवाचा प्रश्न असतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाईन कार्बनच्या टाकीत अडलं नाही, तर तांबड्या पेशी फुटतात. 'आज क्लोरीन तपासलं का?' असं विचारणाऱ्या रुग्णावर कुणी रागावू नये.

घाण काढणं आणि पाणी काढणं ही मात्र दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक त्रास दुसऱ्यात होतो. ते अडीच लिटर पाणी रक्तात नसतं. ते पायांत, पोटात, फुप्फुसांत मुरलेलं असतं. रक्तातला पातळ भागच मुळी तीन लिटरच्या आसपास. मशीन पाणी ओढतं ते रक्तातून, आणि मुरलेलं पाणी हळूहळू रक्तात झिरपून ती जागा भरतं. झिरपण्यापेक्षा ओढण्याचा वेग जास्त झाला की बीपी कोसळतं. आधी जांभया येतात, मग घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, पोटरीत गोळा. सांगायचं ते जांभयांच्या वेळीच. सिस्टर पाणी काढणं थांबवतात, डोकं खाली आणि पाय वर करतात, १०० ते २०० मिलि सलाईन सोडतात आणि बहुतेकदा दहा मिनिटांत माणूस सावरतो.

वेगाची मर्यादा किलोमागे तासाला १३ मिलि अशी धरतात. ६० किलोच्या माणसाला ७८० मिलि, म्हणजे चार तासांत सुमारे ३.१ लिटर. पाच लिटर चढवून आलेल्याला एक तर जास्त वेळ बसावं लागतं, नाही तर जादा खेप करावी लागते. 'आज अर्धा तास लवकर सोडा' ही विनंती नेमकी उलटी पडते, कारण तेवढंच पाणी कमी वेळात काढावं लागतं. मशीनवर भरपेट जेवल्यानेही बीपी पडतं, कारण रक्त पोटाकडे वळतं. बीपीची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

आता मिठाकडे. रुग्णाला 'पाणी कमी प्या' एवढंच सांगणं हा निम्माच सल्ला आहे. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ पोटात गेलं की शरीर ते पातळ करायला लिटरभर पाणी मागणारच, मग तहानेशी कितीही भांडा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि पापड, लोणचं, फरसाण, पाव यांच्यातलंही त्यातच. पाण्याचं माप साधारणपणे आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिलि. आमटी, ताक, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात आलं. सकाळी तेवढं पाणी बाटलीत भरून ठेवावं आणि चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकावं. दुपारीच बाटली रिकामी दिसली की हिशोब आपोआप कळतो.

मिठाला पर्याय म्हणून 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. सैंधव तर मीठच. पोटॅशियम काट्यावर दिसत नाही आणि त्याने हृदय अचानक थांबू शकतं. शहाळं, केळं, फळांचा रस, सुकामेवा यांपासून लांब राहावं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी फेकून द्यावं. कमरख (स्टार फ्रूट) तर एक फोडही नको. त्यातलं विष निकामी मूत्रपिंड बाहेर टाकू शकत नाही आणि थेट मेंदूवर परिणाम होतो. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणाऱ्यांनी सोमवार-गुरुवार असं धरलं, तर शुक्रवार ते रविवार हे तीन दिवस सर्वांत जपण्याचे.

फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडलेल्या, हाताबद्दल थोडक्यात: रोज सकाळी बोटांनी थरथर तपासा. ती लागत नसेल तर पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्ततपासणीची सुई नाही, घट्ट बांगडी नाही, उशाखाली घेऊन झोपणं नाही. मानेत (फिस्टुलाऐवजी) कॅथेटर, म्हणजे शिरेत घातलेली नळी, असेल आणि मशीन लावल्यावर हुडहुडी भरली, तर एसीला दोष देऊ नका. कॅथेटरमधला जंतुसंसर्ग असू शकतो, लगेच सांगा.

परत काट्याकडे, कारण तिथेच सर्वांत चकवा देणारी चूक होते. ड्राय वेट कायमचं नसतं. महिनाभर तापाने अन्न गेलं नाही, दोन किलो मांस उतरलं, पण कागदावर ५८ तसंच राहिलं. काटाही ५८ दाखवतो आणि सगळे म्हणतात, आज काही चढलेलं नाही. प्रत्यक्षात उतरलेल्या मांसाची जागा दोन लिटर पाण्याने घेतलेली असते. उलटही होतं: भूक परतली, माणूस भरला, आणि जुन्या आकड्यापर्यंत ओढत राहिल्याने पोटऱ्यांत गोळे येतात, घरी गेल्यावर उठवत नाही. त्यामुळे काट्यावर चढताना आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट सिस्टरना सांगावी: काल रात्री झोपताना डोक्याखाली किती उशा लागल्या, कारण फुप्फुसांत पाणी असलं की सपाट झोपल्यावर धाप लागते.