पाठ खडकाकडे

बोटीतून उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि आज खडक बघायची पाळी आपली नाही हे मला आदल्या रात्रीपासून माहीत होतं. स्वालबार्डमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, वस्तीबाहेर जायचं तर अस्वलाला हाकलायचं साधन जवळ हवं, असा तिथला कायदाच आहे. आमच्या पाच जणांच्या गटात रोज एकाकडे राखण असते, चार तासांनी त्याला थोडी विश्रांती. खांद्यावर रायफल, कमरेला सिग्नल पिस्तूल, गळ्यात दुर्बीण. बाकीचे चौघं खडकात डोकं घालून बसतात, आणि राखणदार खडकाकडे पाठ करून उभा राहतो. मागे वळून बघायचं नाही. अस्वल नेमकं त्याच वेळी येतं म्हणून नव्हे, तर एकदा वळलं की भूवैज्ञानिकाची मान परत फिरत नाही म्हणून. हे आमच्या गटप्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या अगदी गंभीरपणे सांगत होत्या.

जुलैचा शेवटचा आठवडा, तापमान पाच अंश, आणि जागा फेस्टनिंगेन. मी एमएस्सीला पुण्यात असल्यापासून ज्या जागेचे फोटो बघत आले ती ही जागा.

लाँगयिअरबीन या तिथल्या मुख्य गावाहून इसफ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, तोंडाकडे जाताना फ्योर्डच्या दक्षिण किनाऱ्यावर हा कडा लागतो. फेस्टनिंगेन म्हणजे किल्ला. वालुकाश्माची एक कठीण भिंत किनाऱ्यातून थेट समुद्रात घुसली आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. पण खरी गंमत त्या भिंतीत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना आहे. इथले थर जवळजवळ उभे आहेत. आडवे पडलेले थर बघायचे तर डोंगर चढावा लागतो. इथे समुद्रकाठाने चालत गेलं की पुरतं. सुमारे सात किलोमीटरच्या चालण्यात तीस कोटी वर्षांहून जुन्या कार्बोनिफेरस काळापासून डायनासोर नाहीसे झाल्यानंतरच्या काळापर्यंत पोचता येतं. ग्रीनलंडच्या रेट्याने हे थर उभे झाले, आणि हिमालय उभा राहायला लागला तोही काळ साधारण तोच, पाचेक कोटी वर्षांपूर्वीचा.

आम्हाला त्या सात किलोमीटरमधले चारशे मीटरच हवे होते. त्या थरांच्या गटाचं नाव काप स्टारोस्टिन फॉर्मेशन. जवळच्या भूशिराला इवान स्टारोस्टिन या रशियन शिकाऱ्याचं नाव आहे आणि खडकाला त्या भूशिराचं. या माणसाने स्पिट्सबर्गेनवर, म्हणजे स्वालबार्डच्या याच सगळ्यात मोठ्या बेटावर, एकोणचाळीस हिवाळे काढले असं सांगतात. चार महिने सूर्य नाही अशा जागी, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात! त्याच्या पायाखाली कोणता समुद्र गोठून पडला आहे हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

तो समुद्र पर्मियन काळातला, म्हणजे साधारण तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो शिंपल्यांनी भरलेला. तळाचा चुनखडीचा थर, व्होरिंगेन मेंबर, म्हणजे तर ब्रॅकिओपॉडचा नुसता ढीग. दिसायला शिंपल्यासारखा, पण वंश पूर्ण वेगळा असा हा प्राणी. मोठाले, जाड कवचाचे, एकावर एक रचल्यासारखे. मध्ये ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या जाळ्या. वर गेलं की खडक बदलतो आणि चर्ट सुरू होतो. आपल्या चकमकीच्या जातीचा, काळसर, हातोडी मारली तर ठिणगी उडेल असा. हा सगळा चर्ट स्पंजांनी बनवला आहे. मेलेल्या स्पंजांच्या काचेसारख्या बारीक सुया तळाशी साचत गेल्या, कोट्यवधी वर्षं. साडेतीनशे मीटरहून जास्त जाडीचा खडक, आणि त्यातला बराचसा एका प्राण्याच्या सांगाड्याचा. मी साताऱ्याची. आमच्याकडे डोळे उघडल्यापासून एकच दगड दिसतो, काळा बेसॉल्ट, लाव्हाचा. त्यात शिंपला शोधायचा प्रश्नच नाही. त्यामुळे दगड म्हणजे कुणाचं तरी शरीर असू शकतं, ही गोष्ट मला अजूनही पूर्ण सवयीची झालेली नाही.

हा किनारा संरक्षित आहे आणि आमच्या परवान्यात हातोडी नव्हती. फक्त मोजायचं, फोटो काढायचे. अर्धा मीटर चौकट खडकावर धरायची, तिच्यात किती कवचं दिसतात ती मोठ्याने म्हणायची, एकाने लिहून घ्यायची, चौकट पुढे सरकवायची. तळापासून सुरुवात करून वरच्या टोकापर्यंत, म्हणजे जिथे पर्मियन संपतो तिथपर्यंत.

तर ते काम सुरू झालं आणि मी पाठ करून उभी राहिले. समोर टुंड्रा, ओलसर, शेवाळाचा. दूर चार-पाच रेनडिअर. त्यापलीकडे उतार आणि त्यावर बर्फाचे ठिपके. बर्फाचा प्रत्येक ठिपका दुर्बिणीतून बघायचा, लक्षात ठेवायचा, पुन्हा बघायचा. ठिपका जागचा हलला तर तो बर्फ नव्हे. डावीकडे फ्योर्डपल्याड आल्कहोर्नेटचा सुळका स्वच्छ दिसत होता. आणि मागून आवाज येत होते, आकड्यांचे.

ते आवाज मी विसरणार नाही. सुरुवातीला आकडे मोठे होते आणि म्हणायला वेळ लागत होता, कारण मोजणाऱ्याचाच गोंधळ उडत होता. मध्येच कुणीतरी वंशाचं नाव ओरडायचं. "वागेनोकोंका!" हे ऐकून मला हसू आलं. विल्हेल्म वागेन हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला माणूस. मिठाच्या डोंगररांगेतले, आता पाकिस्तानात असलेले, पर्मियन जीवाश्म त्याने अभ्यासले. त्याचं नाव इथे, ७८ अंश उत्तरेला, नॉर्वेजियन मुलाच्या तोंडी.

मग चर्ट लागला आणि आकडे उतरले. दोन अंकी. एक अंकी. बराच वेळ "काही नाही, काही नाही". पुढे पुन्हा थोडे वर आले. हे असं होणार हे मला वाचून माहीत होतं. सगळ्यात मोठ्या विनाशाच्या आधी, पर्मियनच्या मध्यावर, एक तडाखा येऊन गेला होता, आणि त्याचा पुरावा इथल्याच थरांतून लोकांनी मांडला आहे. पण तक्त्यात वाचणं वेगळं, आणि पाठमोरं उभं राहून एका मुलाच्या आवाजात ते ऐकणं वेगळं. त्याला थंडी वाजत होती, आवाज सपाट होता, आणि त्या सपाट आवाजात एक समुद्र रिकामा होत चालला होता. पडले, सावरले, पुन्हा विरळ झाले. मी बर्फाचे ठिपके मोजत होते.

दुपारी एकच्या सुमाराला बाई म्हणाल्या, "शेल." एवढंच. चर्ट संपला होता. त्याच्या पुढचा खडक मऊ, काळा, पाटीसारखा पापुद्रे सुटणारा. मऊ म्हणून समुद्राने तो खाल्लेला. स्पंज गेले, कवचं गेली, आणि नंतर कितीतरी लाख वर्षं पृथ्वीवर कुठल्याच समुद्रात असा चर्ट बनला नाही. २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हाचे पूर आले, हवेत आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंबला गेला, समुद्र तापला, आंबट झाला, त्यातला प्राणवायू संपला. समुद्रातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जाती गेल्या. सायबेरियातल्या त्या लाव्हाचा दगडही आमच्या सह्याद्रीसारखाच काळा, फक्त त्याहून फार जुना. साताऱ्याच्या मुलीला ही गोष्ट सहज घेता येत नाही.

चर्ट संपून शेल सुरू होतो ती रेघ माझ्यामागे पंधरा पावलांवर होती. दहा मिनिटांनी माझी राखण बदलणार होती, मग अर्धा तास ती जागा माझी. पहिल्या वर्षापासून ज्यासाठी आले ते तेवढंच होतं.

आणि तेव्हा आल्कहोर्नेट दिसेनासं झालं.

आधी सुळक्याचं टोक गेलं, मग कंबर, मग फ्योर्डवर एक पांढरी भिंत तयार झाली आणि ती आमच्याकडे सरकू लागली. सकाळी आमचं ठरलं होतं: तीनशे मीटरवरची खूण दिसेनाशी झाली की काम बंद, आणि ते बंद करायचा शब्द राखणदाराचा. त्यावर कुणी वाद घालायचा नाही. खूण म्हणून आम्ही टुंड्रावरचा एक मोठा पिवळट धोंडा धरला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो फिकट झाला. पुन्हा दिसला. पुन्हा फिकट झाला. खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मी त्या धोंड्याला मनातल्या मनात हाताने धरून ठेवलं होतं. अजून दिसतोय, अजून दिसतोय. मग माझ्या लक्षात आलं की मी धोंडा बघत नाहीये, तो जिथे होता ती जागा बघतेय.

"बंद," मी म्हणाले. "सगळे माझ्याजवळ या. आत्ता."

मागे वस्तू आवरल्याचे आवाज झाले, कुणी एक शब्द बोललं नाही. बाईंनी जवळून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माहीत होतं.

एकमेकांना हात लागेल इतक्या अंतराने आम्ही बोटीच्या जागेकडे, पश्चिमेला, परत निघालो. म्हणजे दिवसभर जो काळ मोजला होता तो उलटा चालत. शेल, चर्ट, चर्ट, आणि सगळ्यात खाली व्होरिंगेनची चुनखडी. मी सगळ्यात मागे, बहुतेक वाट उलटी चालत, रायफल हातात. वीस-पंचवीस मीटरपलीकडे काही नव्हतं. वायरलेसवर बोटवाल्याने सांगितलं, हळूहळू येतोय, तासभर धरून चाला.

चुनखडीच्या पायथ्याशी आम्ही गोल करून बसलो, तोंडं बाहेर. तिथे बाईंनी माझ्या हातातून रायफल घेतली. "चार तास झाले. नियमाने तुझी विश्रांती." मी धोंड्यांवर टेकले, थर्मासमधला चहा ओतला, आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.

पायाशी ताटाएवढा एक दगड पडला होता, कड्यातून सुटलेला. त्यावर एक कवच. पंख पसरल्यासारखं रुंद, मधोमध खोलगट पन्हळ, आणि दोन्ही अंगांनी जाड वळ्या, त्या वळ्यांवर पुन्हा बारीक रेघांचे झुबके. चोचीकडचा भाग एवढा जाड की हाताला लागावा. मी दस्ताना काढला आणि त्या पन्हळीवरून अंगठा फिरवला. हे मी आधी केलं होतं. हाच अंगठा, हीच पन्हळ.

हिमाचलातल्या स्पितीत, पिन नदीच्या खोऱ्यात, गुलिंग गावाच्या वर. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची सहल, विरळ हवेने डोकं धरलेलं, आणि सरांनी काळ्या शेलमधून उचलून एक कवच माझ्या हातावर ठेवलं होतं. "स्पिरिफेरेला राजा. सॉल्टरने नाव ठेवलं, १८६५ साली. डोळे मिटून बोट फिरव. पन्हळ आधी, मग वळ्या. नाव विसरलीस तरी चालेल, बोटाने विसरता कामा नये." लांगझा गावात पोरं अमोनाइट विकत होती, ते सगळ्यांनी घेतले, कारण ते घरच्या देवघरातल्या शाळिग्रामासारखे दिसत होते. मी मात्र त्या राजाच्या मागे लागले, आणि लागले ती इथवर.

आता हे लक्षात घ्या. हे कवच जिवंत होतं तेव्हा स्पिती दक्षिण गोलार्धात होती, गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडाच्या उत्तर काठावर, थंड पाण्यात. स्पिट्सबर्गेन उत्तर गोलार्धात, तेही आजच्याहून बरंच दक्षिणेला, आणि तिथेही पाणी थंड. मध्ये विषुववृत्ताचा उबदार पट्टा, आणि तिथे या वंशाने घर केलंच नाही. दोन टोकांना दोन भावंडं, मधलं अंगण दोघांनाही मानवत नव्हतं. पुढे भारत गोंडवनातून सुटला, विषुववृत्त ओलांडून आशियावर आदळला, आणि स्पितीतलं भावंड चार हजार मीटरवर जाऊन बसलं. इकडचं उत्तरेला सरकत सरकत ध्रुवाजवळ आलं. माझ्या हाताखालची जात राजा नव्हती, इकडच्या कुळातली होती. पण बोटाला ते कळत नव्हतं. बोट म्हणत होतं, गुलिंग.

बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मला इंग्रजीत नीट सांगता येईना, मी एवढंच म्हणाले की ही आमच्याकडची आहे. त्या धुक्याकडे बघत म्हणाल्या, "मग भेटून घे. नेता येणार नाही."

मी फोटो काढले, शेजारी होकायंत्र ठेवून. दगड जिथे, जसा होता तसाच राहू दिला. साडेतीनच्या सुमाराला बोटीचा भोंगा ऐकू आला, आधी भलत्याच दिशेने, मग समोरून, आणि नारिंगी रंगाचा एक डाग धुक्यातून बाहेर आला. चर्ट आणि शेलमधली ती रेघ मी त्या दिवशी नीट बघितली नाही. परवान्यातला तो आमचा शेवटचा दिवस होता.

रात्री, म्हणजे उजेडातच, लाँगयिअरबीनहून सरांना फोटो पाठवले. आता निवृत्त आहेत, पुण्यातच असतात, तिकडे पहाट होत होती. दहा मिनिटांत फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही.

"अगं, दगडाची दुसरी बाजू बघितलीस का? जोडीचं कवच तिकडे असणार."

नव्हती बघितली. दगड उचलायचं मनातच आलं नाही, मी त्या पन्हळीतच अडकले होते. तसं त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वळ्यांवरचे झुबके मोज फोटोत. मी इकडे गुलिंगचे काढून ठेवतो." मागे कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. मी वही उघडली आणि मोजायला घेतलं.