भोकांच्या तीन जोड्या

'एवढ्याशा ट्रॅक्टरला हा जुना नांगर बसवलात तरी कसा?' शेडमध्ये डोकावणारा प्रत्येक जण हे विचारतो. बहुतेकदा विचारणाऱ्याकडेही असाच एखादा गंजका नांगर पडून असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बसवायला दीड दिवस लागला, चालता करायला तीन शनिवार गेले.

बसवण्याचं आधी उरकतो. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरची थ्री पॉइंट लिंकेज (अवजार खाली दोन आणि वर एका ठिकाणी धरणारी मागची जोडणी) बहुधा कॅटेगरी ० ची, म्हणजे सगळ्यात लहान मापाची असते, जुना नांगर निघतो त्याहून मोठ्या कॅटेगरी १ चा. ट्रॅक्टरला खालच्या पिना १६ मिलिमीटरच्या लागतात, नांगराला असतात २२ च्या. दोन पिनांमधलं अंतर ५० सेंटीमीटरच्या आसपास हवं, ते असतं ६८. टॉप लिंकचं, म्हणजे वरच्या मधल्या दांडीचं भोक खालच्या पिनांपासून १२ इंच वर हवं, ते असतं १८ इंचांवर. मी जुना आडवा शाफ्ट काढून टाकला, नवा कापून त्याची टोकं लेथवर १६ मिलिमीटरला कातून घेतली आणि टॉप लिंकसाठी खाली नवं भोक पाडलं. फाळ ज्या ओतीव भागावर बसतो तिथे मात्र वेल्डिंगचा मोह आवरला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेल्डिंगने हमखास दगा देतं. तिथे बोल्टच बरे.

त्याआधी एक हिशोब मात्र करायलाच हवा होता, आणि नशिबाने मी तो केला. आमच्या मातीला दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो ओढ धरली, तर २५ सेंटीमीटर रुंद आणि १५ खोल तासाला, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चरीला, १८७ किलोची ओढ लागते. ३५ बाय २० चं तास घ्यायचं म्हटलं की तोच आकडा ३५० वर जातो. माझा ट्रॅक्टरच ४०० किलोचा. तो जागच्या जागी चाकं फिरवत बसला असता. म्हणून मोठा नांगर स्वस्तात मिळत असूनही मी सोडला आणि १० इंची, म्हणजे २५ सेंटीमीटरचा घेतला.

आता या आडव्या बारवरची भोकं बघा. तीन जोड्या आहेत ना? नांगराचा दांडा या बारला बोल्टने धरलेला असतो. पहिल्या शनिवारी मी तो शहाण्यासारखा मधोमध लावला. दिसायला देखणा. पण नांगरताना उजवं चाक आधीच्या तासात चालतं आणि नांगर त्या तासाच्या भिंतीपासून पुढची माती कापतो. माझ्या मागच्या टायरांच्या आतल्या कडांमध्ये ६० सेंटीमीटर अंतर. मधोमध लावलेला २५ चा फाळ भिंतीपर्यंत पोचतच नव्हता. दर दोन तासांमध्ये वीतभर पट्टी जशीच्या तशी राहिली.

दुसऱ्या शनिवारी मोजून लावला, पण टायरच्या बाहेरच्या कडेपासून मोजून. ही दुसरी जोडी. नांगर इतका उजवीकडे सरकला की जेमतेम चार बोटं माती सोलत गेला आणि ट्रॅक्टरचं नाक सारखं नांगरलेल्या बाजूला वळू लागलं. स्टिअरिंग ओढून ओढून खांदा दुखला.

तिसऱ्या वेळी आतली कड धरली. नांगराची जी पट्टी तासाच्या भिंतीला घासत जाते, ती उजव्या टायरच्या आतल्या कडेपासून बरोबर २५ सेंटीमीटर डावीकडे आली. म्हणजे ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून ५ सेंटीमीटर उजवीकडे. थोडं नाक अजूनही वळतं. मागची रिम उलटी लावून चाकं आत घेतली तर तेही जाईल, पण माझी बाग उताराची, आणि अरुंद ट्रॅक्टर उतारावर कलंडतो. तेवढं वळणं मी सोसतो.

उजवं चाक खोल चालतं म्हणून ट्रॅक्टर कलतो, नांगर मात्र सपाट राहिला पाहिजे. हे शेतात वाकून वाकून बघण्यापेक्षा फरशीवर जमतं. डावी चाकं १५ सेंटीमीटरच्या ठोकळ्यांवर चढवा, नांगर फरशीवर टेकवा आणि तो सपाट बसेपर्यंत उजवी लिफ्ट रॉड (लिंकेजचा उजवा हात उचलणारी दांडी) आखूड करत जा. पुढचा-मागचा कल टॉप लिंकने साधतो. एवढं करूनही नांगर जमिनीत शिरत नसेल तर त्याच्यावर दगड ठेवू नका. फाळाचं टोक झिजलेलं असतं. मीही आधी दगडच ठेवला होता. फाळ बदलल्यावर दगड उतरवला, आता तोच शेडच्या दाराला टेकू म्हणून लावलाय.

आणि एक, लिंकेज नाही म्हणून कुणी ॲक्सलच्या वरून साखळी बांधून नांगर ओढत असेल तर त्याला आधी थांबवा. फाळ झाडाच्या मुळीत अडकला की ट्रॅक्टर मागे उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर.

चुकीची भोकं भरून टाका, असं बरेच जण सांगतात. मी नाही भरत. दर हंगामाला दांडा सोडवून परत लावताना माझा हात आधी पहिल्या शनिवारच्या जोडीकडेच जातो. म्हणून बरोबर जोडीला पिवळा रंग फासून ठेवलाय.