आजीच्या पर्समधले ड्रॉप्स आणि इंग्लंडमधलं सिरप

नातवंडांसाठी इंग्लंडला येणाऱ्या आजी-आजोबांच्या सामानात तापाचं औषध हमखास असतं. ते आणू नका असं नाही, पण बाटलीवरचा आकडा आधी वाचा. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे जे ड्रॉप्स मिळतात, त्यांत बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं. इथल्या लहान मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिग्रॅ. वर्षाच्या बाळाला इथे एका वेळी ५ मिली सिरप देतात. 'पाच मिली द्या' एवढंच लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्स तेवढे भरले, तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ जातात, चौपटीहून जास्त. म्हणून घरात बोलताना नुसतं 'किती मिली' पुरत नाही, 'कुठल्या बाटलीतून' हेही बोलायला हवं. आई ऑफिसला आणि बाळ आजीकडे, अशा घरात तर फ्रिजवर कागद लावून वेळ आणि मात्रा लिहाच. दोन डोसांमध्ये किमान ४ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस.

औषध देताना चांगला फार्मासिस्ट म्हणतो, 'आता सिरिंजमध्ये भरून दाखवा.' ही परीक्षा नव्हे, राग मानू नका. 'समजलं का?' विचारलं की सगळेच हो म्हणतात; चूक दिसते ती हात चालायला लागल्यावर. बुडबुडा राहिला तर मात्रा कमी भरते. घरातला चमचा तर वापरूच नका, प्रत्येकाचं माप वेगळं.

घुटी, चाटण, काढा, जे चालू असेल ते फार्मासिस्टला न लाजता सांगा. चाटण मधातलं असेल आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर ते बंदच करायचं. मधातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते.

आणि मुलाशीही बोला. चार वर्षांच्या मुलाला 'घेतोस का?' विचारलं तर उत्तर 'नाही'च येणार. 'आधी पाणी की आधी औषध?' असं विचारा. चॉकलेट आहे म्हणून कधीच सांगू नका, बाटली हाती लागली की ते चॉकलेट समजूनच पितं. कडू असेल तर कडू आहे म्हणा. मुलाला सरळ बसवून, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा. घशात पिचकारी मारली की ठसका लागतो. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. दूध अर्धं उरलं तर औषध किती गेलं ते कळत नाही.

पॅरासिटामॉल देऊन ३० मिनिटांच्या आत उलटी झाली, तर तोच डोस पुन्हा देतात. त्यानंतर झाली तर नाही. चुकून जास्त गेलं, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. यकृताला झालेली इजा उशिरा दिसते. बाटली हातात घेऊन लगेच १११ ला, म्हणजे इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ला क्रमांकाला, फोन करा.